भयकादंबरी पडद्यावर आणण्यापूर्वी

रात्र जागून वाचलेल्या भयकादंबरीवर चित्रपट आला की आपण तो आवर्जून पाहायला जातो आणि बाहेर पडताना बहुधा एकच वाक्य कानावर येते, 'पुस्तकाची सर नाही.' प्रेक्षकाने एवढे म्हणून घरी जायला हरकत नाही. पटकथा लिहायला बसलेल्या माणसाला मात्र त्या वाक्याचा काडीचा उपयोग नसतो, कारण नेमके काय निसटले आणि कोणत्या जागी निसटले, हे त्यातून कळत नाही. ज्या लेखकांनी एखादी भयकादंबरी किंवा दीर्घकथा लघुपटासाठी, चित्रपटासाठी अथवा वेबमालिकेसाठी हाती घेतली आहे, त्यांना ती निसटण्याची जागा आधीच कशी हेरता येईल, हे सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे. उदाहरणे मुख्यतः स्टीफन किंग यांच्या कादंबऱ्यांची घेतली आहेत. त्यांच्या पुस्तकांची रूपांतरे इतक्या वेळा आणि इतक्या परस्परविरोधी पद्धतींनी झाली आहेत की एकाच प्रसंगाचे दोन निकाल शेजारी ठेवून तपासता येतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की कादंबरीतली भीती भुतात फारशी नसते. भूत येईपर्यंत वाचकाच्या मनात जी माहिती साठत गेलेली असते, तिच्यात ती असते. रूपांतर करणारे प्रसंग उचलतात, माहिती पुस्तकातच राहून जाते आणि पडद्यावर नुसते भूत उरते.

दुसरे वाचन पेन्सिल घेऊन

पहिले वाचन हौसेचे असते, त्यात ढवळाढवळ करू नये. दुसऱ्या वाचनाला मात्र हातात पेन्सिल असावी आणि जिथे अंगावर काटा आला तिथे सबंध प्रकरणाला खूण न करता नेमके ते वाक्य अधोरेखित करावे. मग एक दोनशे पानी वही घ्यावी, समोरासमोरची दोन पाने उघडावीत, डाव्या पानावर त्या प्रसंगात काय घडते ते लिहावे आणि उजव्या पानावर तो प्रसंग वाचताना आपल्याला आधीपासून काय माहीत होते व ते कितव्या पानावर कळले होते, त्याची नोंद करावी. डावे पान चार-पाच ओळींत संपते. उजवे भरत जाते.

'द शायनिंग' ही १९७७ सालची कादंबरी घेऊ. जॅक टॉरन्स हा नोकरी गमावलेला शिक्षक कोलोरॅडोच्या डोंगरातल्या ओव्हरलुक हॉटेलची हिवाळ्यापुरती राखण करण्याचे काम पत्करतो आणि बायको वेंडी व पाच वर्षांचा मुलगा डॅनी यांना घेऊन तिथे राहायला जातो. छपराची दुरुस्ती करताना त्याला गांधीलमाश्यांचे पोळे सापडते. कीटकनाशक धुराचा डबा लावून तो माश्या मारतो आणि ते रिकामे, कागदासारखे हलके पोळे मुलाला भेट देतो. मुलगा ते आपल्या खोलीत ठेवून झोपतो. रात्री त्याच पोळ्यातून जिवंत माश्या निघतात आणि त्याच्या हाताला डसतात. जॅक धावत येऊन पोळ्यावर काचेचे भांडे पालथे घालतो. डाव्या पानाचे काम इथे संपले.

आता उजवे पान. या बापाने पूर्वी दारूच्या भरात याच मुलाचा हात मोडलेला आहे. एका विद्यार्थ्याला मारल्यामुळे त्याची शिक्षकाची नोकरी गेली आहे. दारू त्याने सोडली आहे, पण बायकोच्या मनातला संशय पुरता गेलेला नाही, आणि हिवाळ्याची ही नोकरी म्हणजे त्याच्या हाती उरलेली शेवटची संधी आहे. त्याचे मुलावर खरोखर प्रेम आहे आणि पोळे त्याने प्रेमानेच दिले आहे, हे तर सर्वांत महत्त्वाचे. त्यामुळे माश्या डसतात तेव्हा वाचकाचे लक्ष माश्यांकडे नसते, ते बापाकडे असते. याने मुद्दाम केले नाही हे आपल्याला ठाऊक असते, याच्या हातून पुन्हा मुलाला इजा झाली हेही दिसत असते, आणि माश्या मुळात मेल्याच नव्हत्या की या वास्तूने त्या परत उठवल्या, हा प्रश्न कादंबरी तसाच टांगता ठेवते. बापाने प्रेमाने दिलेली वस्तू या घरात विषारी होते, एवढे एकच वाक्य मी या प्रसंगाच्या उजव्या पानाखाली लिहीन.

हे वाक्य हाती आल्यावर पटकथाकाराने पाहायचे ते असे: हा प्रसंग माझ्या चित्रपटात विसाव्या मिनिटाला येत असेल, तर उजव्या पानावरच्या पाच गोष्टींपैकी किती गोष्टी प्रेक्षकाला तोवर कळलेल्या आहेत? दोनच कळलेल्या असतील, तर पडद्यावर किडे दिसतील आणि मुलगा रडेल, त्यापलीकडे काही होणार नाही. अशा वेळी प्रसंग आणखी भयंकर करण्याचा मोह होतो, माश्यांची संख्या वाढवली जाते, पार्श्वसंगीत चढवले जाते. खरे काम मात्र मागच्या वीस मिनिटांत करायचे असते.

एकाच पुस्तकाचे दोन निकाल

स्टॅनली कुब्रिकने १९८० साली 'द शायनिंग' केला, तेव्हा हे पोळे त्याने उचललेच नाही. कादंबरीतला बॉयलरही चित्रपटाच्या कथेतून गेला. मुळात त्या बॉयलरचा दाब रोज उतरवावा लागतो, नाहीतर तो चढत जाऊन सगळे हॉटेल उडेल, हे पहिल्याच भागात सांगितलेले असते आणि शेवटी भ्रमिष्ट झालेला जॅक नेमके तेच विसरतो. चढत जाणारा दाब हा जॅकच्या मनाचाही हिशोब आहे, हे सांगायला नको. कादंबरीतला जॅक शेवटच्या क्षणी भानावर येऊन मुलाला पळून जायला सांगतो. चित्रपटातला जॅक कुऱ्हाड घेऊन मुलाच्या मागे धावतो आणि भूलभुलैयात गोठून मरतो. जॅक निकोल्सनने रंगवलेला हा माणूस पहिल्या दृश्यापासूनच बिघडलेला वाटतो, अशी स्वतः किंग यांची जाहीर तक्रार राहिली आहे, आणि ती रास्त आहे. चांगला माणूस ढासळताना पाहण्याची भीती वेगळी, आणि ढासळलेल्या माणसाबरोबर कोंडले जाण्याची भीती वेगळी. कुब्रिकने दुसरी निवडली.

तरीही तो चित्रपट थरकाप उडवतो, कारण जे काढले त्याच्या जागी त्याने पडद्याची स्वतःची भीती आणून बसवली. डॅनी तीन चाकी सायकलवरून हॉटेलच्या बोळांतून फिरतो, कॅमेरा जमिनीलगत त्याच्या मागोमाग जातो, आणि लाकडी फरशीवर चाकांचा खडखडाट होतो, गालिचा आला की आवाज एकदम गिळला जातो, पुन्हा फरशी, पुन्हा खडखडाट. प्रत्येक वळणावर आपण कान टवकारतो. हे पुस्तकात नाही आणि पुस्तकात ते असू शकत नाही. (एक गमतीची गोष्ट: कादंबरीतली २१७ क्रमांकाची खोली चित्रपटात २३७ झाली, कारण ज्या लॉजच्या इमारतीचे बाहेरून चित्रण झाले, त्यांच्याकडे २१७ क्रमांकाची खोली होती आणि पुढे तिथे कोणी उतरणार नाही, अशी धास्ती त्यांना वाटली. आता सर्वांत जास्त मागणी त्याच खोलीला असते, असे तेच सांगतात.)

पुढे १९९७ मध्ये किंग यांनी स्वतः पटकथा लिहून तीन भागांची दूरचित्रवाणी मालिका केली. ज्या स्टॅनली हॉटेलमधल्या मुक्कामात त्यांना ही कादंबरी सुचली होती, तिथेच तिचे चित्रीकरण झाले. बॉयलर परत आला, झुडपे कातरून केलेले प्राणीही आले. पुस्तकाशी इमान राखूनही तिची आठवण आज कोणी फारशी काढत नाही, आणि काढली तर त्या प्राण्यांची टर उडवण्यासाठीच. ते का फसले हे पाहण्यासारखे आहे. कादंबरीत हे झुडपांचे सिंह आणि कुत्रा सुरुवातीला आपण पाहत असताना हलत नाहीत. नजर वळली आणि परत आली की ते थोडे जवळ आलेले असतात. हलण्याची क्रिया दोन वाक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत घडते. मालिकेने ते प्राणी संगणकाच्या मदतीने चालवून दाखवले आणि त्याच क्षणी ती रिकामी जागा बुजली.

उपाय खरे तर पुस्तकातच होता. डॅनी बर्फात खेळत असताना त्याला मागे धप्प असा आवाज ऐकू येतो, आणि वळून पाहतो तर झुडपाच्या कुत्र्यावरचा बर्फ गळून पडलेला असतो. आवाज आणि बर्फ उतरलेले हिरवे झुडूप, एवढेच. ही दोन शॉटची गोष्ट आहे, तिला संगणक लागत नाही. तेव्हा दुसऱ्या वाचनात आणखी एक खूण करत जावी: लेखकाने एखादी गोष्ट आवाजातून, मागे राहिलेल्या खुणेतून किंवा कोणाच्या चेहऱ्यावरून सांगितली असेल, तिथे फुली मारावी. अशा जागा जवळजवळ जशाच्या तशा पडद्यावर जातात.

मूळ लेखकाने स्वतः पटकथा लिहिली म्हणजे काम बिघडतेच, असा निष्कर्ष मात्र काढू नये. 'द एक्झॉर्सिस्ट' ही १९७१ ची कादंबरी लिहिणाऱ्या विल्यम पीटर ब्लॅटी यांनीच १९७३ च्या चित्रपटाची पटकथा लिहिली आणि तिला ऑस्कर मिळाले.

मनातले बाहेर काढणे

सर्वांत अवघड काम इथे आहे, म्हणून थोडे रेंगाळतो. किंग यांच्या 'पेट सेमेटरी' या १९८३ च्या कादंबरीत लुईस क्रीड या डॉक्टरचा लहान मुलगा गेज घरासमोरच्या रस्त्यावर ट्रकखाली जातो. त्या प्रसंगानंतर एके ठिकाणी लेखक आपल्याला सांगू लागतो की लुईसने झेप घेऊन मुलाला अगदी कडेला पकडले, तो वाचला, मोठा झाला, पोहण्यात पुढे ऑलिंपिकपर्यंत गेला. वाचक जाणून असतो की हे खरे नाही, तरी तो त्या परिच्छेदाला धरून राहतो. मग मुलाची रक्ताने भरलेली टोपी समोर येते. मी वाचलेल्या भयसाहित्यात याहून क्रूर जागा थोड्या आहेत, आणि तिच्यात भुताचा लवलेशही नाही.

कॅमेऱ्याला 'असे झाले असते तर' म्हणता येत नाही. तो जे दाखवतो ते झालेले असते, आणि नंतर ते स्वप्न निघाले की प्रेक्षकाला फसवल्यासारखे वाटते. म्हणून बरेच पटकथाकार निवेदनाचा आधार घेतात आणि पात्राचा आवाज त्याचे विचार वाचून दाखवू लागतो. शक्यतो हे टाळावे. निवेदन ऐकताना प्रेक्षकाला आपल्याशी कोणीतरी बोलत आहे असे वाटते, आणि सोबत आहे म्हटल्यावर भीती निम्मी होते. त्याऐवजी विचाराला वस्तू शोधावी. बाप मुलाच्या पुढच्या वर्षीच्या मापाचे बूट घेऊन ठेवतो, दाराच्या चौकटीवर उंचीची पेन्सिलीची रेघ असते आणि तिच्या वर रिकामी चौकट असते, अशा प्रकारे. वही काढून प्रत्येक मोठ्या विचारापुढे एक वस्तू किंवा एक कृती लिहावी. लिहिता आली नाही, तर तो विचार कदाचित पडद्यासाठी नाही असे समजून सोडून द्यावा. सगळे वाचवायला गेले की सगळेच पातळ होते.

याबाबतीत स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही मित्रांनी कोकणातल्या एका घरात वीस मिनिटांचा लघुपट केला होता. मूळ गोष्टीत अंथरुणाला खिळलेले आजोबा रोज पहाटे विहिरीवरच्या रहाटाचे आवाज मोजतात. सून सात कळशा पाणी काढते, म्हणून सात वेळा कुरकुर होते. एके पहाटे आठ होतात. आम्ही काय केले, तर धुक्यात आपोआप फिरणारा रहाट दाखवला. दोरा बांधून फिरवला होता आणि उजेडात तो दोरा दिसत होता, त्यामुळे पहिल्याच खेळाला लोक हसले. दोष दोऱ्याचा आहे असे आम्ही बरेच दिवस समजत होतो. नंतर लक्षात आले की प्रेक्षकाला मोजायलाच लावले नव्हते. आधीच्या तीन पहाटे त्याने आजोबांबरोबर अंथरुणात पडून, बोटांच्या पेरांवर सात मोजले असते, तर आठव्या कुरकुरीला विहीर दाखवण्याची गरजच नव्हती. आजोबांचा अंगठा आठव्या पेरावर थांबलेला दिसला असता, तरी पुरले असते.

दाखवायचे किती

या प्रश्नाचे उत्तर शिकण्यासाठी शर्ली जॅक्सन यांची १९५९ ची 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' ही कादंबरी वाचून तिच्यावरचे १९६३ आणि १९९९ चे चित्रपट लागोपाठ पाहावेत. एका शनिवार-रविवारचे काम आहे. कादंबरीत भुताटकीच्या घरात राहायला आलेली एलेनॉर काळोखात मैत्रिणीचा हात घट्ट धरून पलीकडचे आवाज ऐकत राहते, आणि उजेड झाल्यावर तिला दिसते की मैत्रीण खोलीच्या दुसऱ्या बाजूला आहे. मग हात कोणाचा धरला होता? रॉबर्ट वाइज यांनी १९६३ च्या कृष्णधवल चित्रपटात हा प्रसंग ठेवला आणि हात कोणाचा हे दाखवले नाही. त्याच चित्रपटात एक लाकडी दार बाहेरून दाबल्यासारखे आत फुगत येते. दाराच्या पलीकडे काय आहे ते शेवटपर्यंत दिसत नाही. खोल्या किंचित वाकड्या दिसाव्यात म्हणून वाइज यांनी प्रतिमा विकृत करणारी, अजून पुरती तयार न झालेली रुंद भिंग मुद्दाम मागून घेतली होती.

१९९९ च्या चित्रपटात भरपूर पैसा होता आणि तो सगळा दिसतो. कोरीव मुले हलतात, पलंग माणसाला पकडतो, वाड्याचा मालक धुरकट राक्षस होऊन छतापर्यंत वाढतो. इतके दिसले की प्रेक्षक घाबरायचे सोडून कारागिरी तपासू लागतो, आणि कारागिरी लवकर जुनी होते.

याचा अर्थ भूत कधीच दाखवू नये असा नाही. जपानी 'रिंगू' पाहावा. कोजी सुझुकी यांच्या १९९१ च्या कादंबरीत सदाको हे भूत दूरचित्रवाणी संचातून सरपटत बाहेर येत नाही. ते दृश्य हिदेओ नाकाता यांच्या १९९८ च्या चित्रपटाचे आहे. कादंबरीचा नायक पुरुष पत्रकार, चित्रपटात तिथे घटस्फोटित आई आहे. इतके बदलूनही चित्रपट जमला, कारण कादंबरीच्या भीतीचे मूळ शाबूत राहिले: शापित चित्रफीत पाहिली की मरायला सात दिवस उरतात, आणि सुटायचे तर ती दुसऱ्याला दाखवावी लागते. सदाको पडद्यातून बाहेर येते तोपर्यंत मोजणी आपल्याही मनात चालू झालेली असते, आणि आपणही एका पडद्याकडेच पाहत असतो. दाखवायचेच तर असे, उशिरा, एकदाच, आणि जे माध्यम आपण वापरतो त्यालाच हात घालून.

कापाकापी आणि शेवट

पटकथेचे एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा हिशोब सर्वांना माहीत असतो, पण जाड कादंबरीपुढे बसल्यावर तो विसरला जातो. 'इट' या १९८६ च्या कादंबरीची इंग्रजी पाने ११३८ आहेत. २०१७ आणि २०१९ च्या दोन चित्रपटांची मिळून लांबी १३५ अधिक १६९, म्हणजे ३०४ मिनिटे. इतका वेळ मिळूनही दुसरा भाग पहिल्यापुढे फिका पडला. कादंबरीत राक्षसाशी लढणाऱ्या मुलांचा १९५८ चा उन्हाळा आणि त्याच मुलांचे १९८५ मधले प्रौढपण एकमेकांत विणलेले आहे. मोठ्यांना बालपण आठवत नाही, आठवण परत येत जाते तसतसे आपल्यालाही कळत जाते, आणि दोन्ही काळ शेवटी एकाच वेळी गटारांच्या तळाशी पोचतात. चित्रपटांनी वेणी सोडली आणि दोन पेड वेगळे केले. पहिल्या भागाला मुलांची सरळ, नेटकी गोष्ट मिळाली. दुसऱ्या भागातल्या मोठ्यांना जे आठवत नव्हते, ते प्रेक्षकाला दोन वर्षांपासून माहीत होते, मग विस्मरणाची भीती राहणार कुठे?

तेव्हा कात्री लावताना प्रसंगांची यादी करून कमी महत्त्वाचे प्रसंग गाळत बसू नये. आधी कादंबरी वाचकाला कोणती गोष्ट कधी कळू देते, त्याचा क्रम कागदावर काढावा. पात्रे कमी करता येतात, गाव बदलता येते, तीन प्रसंगांचा एक करता येतो. कळण्याचा क्रम बदलायचा असेल, तर मात्र आपण नवी गोष्ट लिहीत आहोत हे समजून सगळे मुळापासून बांधावे लागते.

शेवटाबाबत दोन उदाहरणे पुरेत. रिचर्ड मॅथिसन यांच्या १९५४ च्या 'आय ॲम लेजंड' मध्ये रॉबर्ट नेव्हिल हा एकटा उरलेला माणूस दिवसा रक्तपिपासूंना शोधून ठार करतो, आणि शेवटी त्याला उमगते की नव्या जगाच्या दृष्टीने झोपेत येऊन मारणारा राक्षस तोच आहे. दंतकथा म्हणजे तो. २००७ च्या चित्रपटासाठी याच्या जवळ जाणारा शेवट चित्रित झाला होता, पण चाचणी खेळानंतर तो बदलला आणि नायक मानवजातीसाठी प्राण देणारा हुतात्मा झाला. नाव तेच राहिले, अर्थ उलटा झाला. याउलट किंग यांची, धुक्यातून आलेल्या राक्षसी प्राण्यांची 'द मिस्ट' ही दीर्घकथा धूसर आशेवर संपते. फ्रँक डॅराबाँट यांनी २००७ मध्ये तिथे असा शेवट केला की गाडीत पाच माणसे, पिस्तुलात चार गोळ्या, बाप आपल्या मुलासह चौघांना यातनांतून सोडवतो आणि काही मिनिटांतच धुके विरून लष्कर येते. किंग यांनाही तो शेवट आवडला. गोष्टीने पहिल्यापासून जो प्रश्न विचारला होता, म्हणजे घाबरलेली माणसे एकमेकांचे काय करतील, त्याचेच उत्तर तिथे आहे, म्हणून बदल खपून गेला. शेवट बदलण्यापूर्वी कादंबरीचा प्रश्न एका वाक्यात लिहून तो भिंतीवर डकवावा, आणि नवा शेवट त्याच प्रश्नाचे उत्तर देतो का ते पाहावे.

आपल्याकडचे एक रूपांतर

मराठी वाचकाला यासाठी फार लांब जायला नको. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटाचे बीज नारायण धारप यांच्या गोष्टीत आहे. ती गोष्ट १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने बर्वे यांना सांगितली होती. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' वरून आले असले, तरी त्या कादंबरीच्या कथानकाशी त्याचा संबंध नाही. घरात मोठे कोणी नाही, आणि आतल्या खोलीत असलेल्या भयानक म्हातारीला लहान मुलाने एकट्याने सांभाळायचे आहे, ही धारपांच्या गोष्टीची भीती चित्रपटाच्या पहिल्या भागात आहे. तिच्यापुढे हस्तर हा लोभी राक्षस, माणसांचा लोभ आणि तीन पिढ्या हे सगळे नव्याने रचलेले आहे. वाचताना अंधार होता, पडद्यावर त्याच्या जागी पाऊस आला. अनेक पावसाळ्यांत चित्रीकरण करून मिळवलेला तो करडा, सतत गळणारा उजेड पाहताना कपडे दमट झाल्यासारखे वाटतात. 'तुंबाड' पाहून कोणी मूळ गोष्टीची आठवण काढून हळहळत नाही, कारण प्रसंगांच्या बाबतीत त्याने कोणालाही वचनच दिले नव्हते.

हक्कांबद्दल दोन शब्द, कारण उत्साहाच्या भरात हे शेवटी आठवते. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे किंवा ज्यांना ते दिले असतील त्यांच्याकडे असतात. नारायण धारप २००८ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे लेखन २०६८ अखेरपर्यंत संरक्षित आहे. हक्काचे हस्तांतरण लेखीच असावे लागते, आणि करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रकाशकाची तोंडी हरकत नसणे म्हणजे परवानगी नव्हे. मराठीतल्या कितीतरी भयकथा परदेशी कथांवर बेतलेल्या आहेत, त्यामुळे हाती घेतलेल्या गोष्टीचे मूळ आणखी मागे कुठे आहे का, हेही तपासून घ्यावे. 'ड्रॅक्युला' वरून परवानगीशिवाय केलेल्या १९२२ च्या 'नोस्फेराटू' वर ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नीने दावा लावला, तेव्हा न्यायालयाने १९२५ मध्ये त्याच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला होता. काही प्रती वाचल्या, हे आपले नशीब.

पहिला खर्डा झाला की कादंबरी न वाचलेल्या एका माणसाला बोलवावे. दिवसाढवळ्या, पंखा चालू असताना, संगीत न लावता त्याला पटकथा मोठ्याने वाचून दाखवावी. त्याने विचारलेले प्रश्न टिपून घ्यावेत, उत्तरे देऊ नयेत. 'हा बाप असा का वागतो?' असे त्याने विचारले, तर उजव्या पानावरची एखादी ओळ पटकथेत यायची राहिली आहे. 'पुढे काय झालं?' असे विचारले, तर ठीक चालले आहे. आणि ज्या पानावर तो काहीच न विचारता पाय उचलून खुर्चीवर घेईल, त्या पानाच्या कोपऱ्याला दुमड घालून ठेवावी, म्हणजे निर्मात्याने नंतर तिथे किंकाळी घालायला सांगितली तर ते पान चटकन काढून त्याच्यापुढे ठेवता येते.